थपडेनंतरचा शॉट

खरीखुरी थप्पड मी पहिल्यांदा पाहिली नाही, ऐकली. मी चौथीत होते. मे महिन्याची सुट्टी, दुपारची वेळ. आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडांमधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी बशी खाली ठेवली तरी अलीकडे कळायचं. मी जमिनीवर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत होते, आई ताटात गहू घेऊन निवडत बसली होती. पलीकडून एक आवाज आला. ओलं फडकं फरशीवर पडावं, तेवढाच. मग काहीच नाही. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. थोड्या वेळानं मोरीतला नळ सुटला आणि बराच वेळ चालू राहिला. आईचा हात ताटावर थांबला होता, तो पुन्हा फिरायला लागला.

"काय पडलं गं?" मी विचारलं.

"काही नाही. वाच तू."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट होता. मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे आणि कोपऱ्यातल्या एका घरात, त्यामुळे शनिवारी आमची खोली भरून जायची. शेजारच्या काकू नेहमीसारख्या दाराजवळच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. चित्रपटाचं नाव मला आठवत नाही. नायिका शिकलेली, उलट बोलणारी, सासूला न जुमानणारी होती. मध्यंतरानंतर कधीतरी नवऱ्यानं तिच्या मुस्कटात मारली. आवाज असा की मी दचकले. दिवाळीत जिन्यात लवंगी फुटावी तसा. नायिकेनं गालावर हात ठेवला, मान खाली घातली, सुटलेला पदर खोचला. पुढच्या दृश्यात ती सासूचे पाय चेपत होती. खोलीतलं कुणीतरी म्हणालं, "हे आधीच करायला हवं होतं त्यानं." सगळे हसले. काकूही हसल्या. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला नक्की माहीत आहे. आई उठली, म्हणाली, गॅस बघून येते. गॅसवर काहीच नव्हतं.

त्या दोन आवाजांमधलं अंतर मला तेव्हा समजलं नाही. आता मला वाटतं की पडदा आणि बाई यांच्याविषयी मी पुढे जे काही वाचलं, जे काही वाद घातले, ते सगळं त्या अंतराविषयीच होतं.

आपल्या भाषेत या एका कृतीला किती शब्द आहेत! चापट, थप्पड, चपराक, थोबाडीत, मुस्कटात, कानशिलात, कानफटात, कानाखाली. वर्तमानपत्रात एखाद्या पुढाऱ्याला पडली तर ती 'श्रीमुखात भडकावली' जाते. आवाज निघाला की 'कानाखाली जाळ काढला'. मुलांना लाडानं चापटी. हे सगळे शब्द मारणाऱ्याच्या बाजूनं घडलेले आहेत: हात कुठे पडला, किती जोरात पडला, किती आवाज झाला. ज्या गालावर पडली त्याला त्यानंतर काय होतं यासाठी माझ्याकडे एकही चपखल शब्द नाही. कान बंद झाल्यासारखा होतो, काही क्षण खोलीतले आवाज लांबून येतात, रडू यायच्या आधी लाज येते. लाज मारणाऱ्याला यायला हवी ती मार खाणाऱ्याला येते. याला नाव नाही.

पडद्यावरची थप्पड बहुतेक वेळा लागतच नाही. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे असा ठेवतात की हात आणि गाल यांच्यातली फट दिसू नये. मारणाऱ्यानं हात फिरवायचा, दुसरीनं नेमक्या क्षणी मान झटकायची. आवाज नंतर ध्वनिमुद्रणात चढवतात. म्हणजे तो केवढा असावा, हे कुणीतरी शांतपणे बसून ठरवलेलं असतं. लवंगीसारखा असावा असं ठरवलं म्हणून तो तसा येतो. त्याच्या पुढचा शॉट कुणाचा असावा, हेही ठरवलेलंच असतं. गेली वीसेक वर्षं मी मुख्यतः तो शॉट पाहते आहे. थप्पड पडल्याबरोबर माझं लक्ष तिच्यावरून उडतं आणि मी वाट बघते, की आता कॅमेरा कुणाकडे जाणार.

बहुतेक वेळा तो त्याच्याकडे जातो. तो आपल्या तळहाताकडे बघतो. हात थरथरतो. पाठीमागे व्हायोलिन सुरू होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. आपण काय करून बसलो या यातनेत तो गच्चीत, समुद्रावर, दारूच्या गुत्त्यात कुठेतरी जातो आणि कॅमेरा त्याची पाठ सोडत नाही. ती खोलीत राहिलेली असते आणि आपण तिला तिथे सोडून निघालेलो असतो. दोन तासांत असं तीन-चारदा झालं, की गालावर मारणाऱ्याचं दुःख आपल्याला तोंडपाठ होतं आणि मार खाणारीचा चेहराही नीट आठवत नाही.

हे असंच असायला हवं, असा काही नियम नव्हता. १९३७ सालचा प्रभातचा 'कुंकू' मी कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या एका खेळाला पाहिला. व्ही. शांताराम यांनी नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून केलेला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायला नकार देते, एवढीच गोष्ट. मला मात्र बसल्या जागी हलवलं ते त्यातल्या शांततेनं. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, पावलं, भांडी, दार. त्या घरात जे वाजेल तेच ऐकू येतं. शांता आपट्यांच्या चेहऱ्यावर राग असतो तेव्हा तो गोड करून घ्यायला व्हायोलिन येत नाही. तो राग जसा आहे तसा आपल्याला सोसावा लागतो. म्हाताऱ्याची विधवा मुलगी नीरेची बाजू घेते, आणि ते काम केलंय शकुंतला परांजपे यांनी. त्या संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या, पुढे राज्यसभेत गेलेल्या. पडद्याबाहेरची अशी बाई पडद्यावर येऊन उभी राहिली की पडद्यावरच्या शब्दांना वजन येतं. नव्वद वर्षांपूर्वी, मराठीत, हे झालं होतं. म्हणून 'लोकांना हेच हवं असतं' असं कुणी म्हटलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

आणि असं तपासून बघणारी पहिली बाईसुद्धा आपलीच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या एका विधवेला अपत्यहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना झोडपायला घेतलं, म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. ते पुस्तक आपल्याला विधवांच्या दुःखाविषयीचं म्हणून माहीत असतं. पण त्यात त्या आपल्या काळातल्या कादंबऱ्यांना आणि नाटकांनाही धरतात, यात बायका अशा का रंगवल्यात म्हणून. म्हणजे मराठी स्त्रीवादाच्या पहिल्या पुस्तकातच लोकप्रिय करमणुकीची झडती आहे. मी कधी एखाद्या लग्नघरी सिनेमावरून वाद घातला आणि कुणी 'तू कशाला एवढं मनावर घेतेस' म्हटलं, की मला त्या आठवतात. त्यांनी फार मनावर घेतलं होतं.

२०१९ च्या पावसाळ्यात मी भाचीबरोबर 'कबीर सिंग' बघायला गेले. ती एकोणीस वर्षांची होती, तिनंच तिकिटं काढली होती. नायक नायिकेला थप्पड मारतो तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून शिट्टी आली. मी पुढच्या शॉटची वाट बघितली. तो तिला निर्णय घ्यायला काही तासांची मुदत देऊन जातो, आणि चित्रपट त्याच्याबरोबर जातो. तो नशेत बेशुद्ध पडतो, तिकडे तिचं लग्न लावून देतात. त्यानंतर जवळजवळ शेवटापर्यंत ती पडद्यावर नाहीच. त्याची दाढी वाढते, त्याचा कुत्रा, त्याचे मित्र, त्याची नोकरी, त्याचं रक्त. ते सगळं मी पाहिलं. गालावर मार घेऊन, मनाविरुद्ध बोहल्यावर चढून त्या मुलीनं ते सगळे महिने कुठल्या खोलीत कसे काढले, हे दिग्दर्शकाला दाखवावंसं वाटलं नाही. तिला त्या काळात काय झालं ते शेवटी दोन-चार वाक्यांत कळतं, आणि तेही त्याच्या काळजातला सल निघावा इतपतच.

बाहेर पडताना भाची म्हणाली, "मावशी, चुकलं त्याचं, पण त्याचं प्रेम बघ ना किती आहे."

मी तिच्यावर रागावले नाही. मला तिची चूक दिसलीच नाही. अडीच-तीन तास तिला ज्याच्याजवळ बसवलं होतं त्याचं दुःख तिला कळलं, यात तिचं काय चुकलं? तिला नायिकेजवळ कुणी बसवलंच नव्हतं. काही दिवसांनी दिग्दर्शकाची एक मुलाखत गाजली. प्रेमात एकमेकांना थप्पड मारायची मोकळीक नसेल तर मला त्यात भावनाच दिसत नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते. दोघांनीही, असं त्यांचं म्हणणं. समानतेचा हा हिशेब मी बराच वेळ डोक्यात घोळवला. दोघांचे हात सारखे असतीलही. पण मारल्यावर घराबाहेर पडून दुःख करायची मुभा एकालाच आहे, आणि कॅमेराही एकाच्याच मागे जातो.

सिनेमा बघून कुणी मारायला शिकतं का, हा वाद मला कधी फार उपयोगाचा वाटला नाही. मारणाऱ्याला शिकवावं लागत नाही. मला भीती वाटते ती बघणाऱ्यांची, म्हणजे आमची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, लोकांना सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, वाद घालणं, शरीरसंबंधाला नकार, स्वयंपाक नीट न करणं, चारित्र्याचा संशय, सासरच्यांचा मान न ठेवणं. यांपैकी एका तरी कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे, असं ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. बायकांमध्ये हा आकडा ४५ टक्के होता. मी हे वाचलं आणि त्या शनिवारची खोली डोळ्यांसमोर आली. 'हे आधीच करायला हवं होतं.' आणि खांबाला टेकून हसणाऱ्या काकू. त्या ४५ टक्के बायकांना मी अडाणी म्हणू शकत नाही. ज्यांना स्वतःच्या घरात रोज काही कारण शोधून काढावं लागतं, त्यांना सर्वेक्षणवाल्यांनी दाराशी येऊन सात तयार कारणं दिली. त्यांतलं एखादं ओळखीचं निघालं असेल.

पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात इशारा येतो. २ ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटांना तो नियम लागू आहे, २०२३ पासून ओटीटीवरही आला. दृश्य कितीही गंभीर असो, खाली अक्षरं उमटतात. मला थपडेखाली अशी अक्षरं नको आहेत. आपण ती सिगारेटच्या वेळीही वाचत नाही. पण धुराचा एक झुरका समाजाला घातक आहे हे सरकारला, सेन्सॉरला, निर्मात्याला, आपल्या सगळ्यांना मान्य आहे. गालावरच्या हाताबद्दल आपलं अजून ठरलेलं नाही.

शब्दांबद्दलही ठरलेलं नाही. रोजचं मराठी वर्तमानपत्र उघडा. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.' 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.' ही शीर्षकं लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. जागा कमी असते आणि ठोकळे तयार असतात. पण 'एकतर्फी प्रेम' हा काय शब्द आहे? एक मुलगी नाही म्हणाली, तिचा पाठलाग झाला, तिला रस्त्यात अडवलं, तिच्यावर कोयता किंवा पेट्रोल घेऊन कुणी आलं, आणि या सगळ्याला आपण प्रेमाचा एक प्रकार म्हणतो. उल्हासनगरला १९९० मध्ये दहावीची परीक्षा चालू असताना वर्गात शिरून एका मुलीला जाळून मारलं, तेव्हा मी लहान होते. घरातली मोठी माणसं कुजबुजत बोलत होती, आणि त्या कुजबुजीतून माझ्या कानावर आलेला शब्द 'प्रेमप्रकरण' होता. तिचं प्रकरण काहीच नव्हतं. ती पेपर लिहीत होती. तीनच वर्षांनी एक हिंदी चित्रपट आला, ज्यातला पाठलाग करणारा वेडा प्रियकर खलनायक असूनही टाळ्या घेऊन गेला. मी तो मैत्रिणींबरोबर पाहिला आणि आम्ही त्याच्यासाठी हळहळलो. मीही हळहळले. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायलाच हवं, कारण शेवटी तो मरतो तेव्हा कॅमेरा त्याच्याजवळ होता आणि आम्हीही होतो.

मालिकांविषयी मी थोडक्यात बोलते. लोक त्यांना सहज नावं ठेवतात आणि त्या बघणाऱ्या बायकांनाही ठेवतात, ते मला आवडत नाही. माझी आई भाकऱ्या थापता थापता मालिका बघते. दिवसातला तो एकच तास कुणी तिला काही मागत नाही. पण मालिकेतली थप्पड मला वेगळ्या कारणासाठी सलते. तिथे ती तीनदा पडते. एकदा समोरून, एकदा बाजूनं, एकदा संथ गतीत. मग खोलीतल्या प्रत्येकाचा दचकलेला चेहरा, एकेक करून. 'महाएपिसोड'च्या प्रोमोमध्ये आठवडाभर तीच. आणि बहुतेक वेळा मारणारी बाईच असते: सासू सुनेला, जाऊ जावेला, नायिका खलनायिकेला. पुरुष सोफ्यावर हताश बसलेले. घरातल्या हिंसेचा सगळा कारभार बायकांच्या हाती सोपवून लेखक मोकळा होतो. आईला हे पटत नाही. ती म्हणते, "अगं, बायका पण मारतात." मारतातच. पण त्या कुणाच्या घरात, कुणाच्या जिवावर, कुणाच्या भीतीनं मारतात, तो भाग मालिकेच्या ट्रॅकमध्ये कधी येत नाही.

आता 'सैराट'विषयी. २०१६ मध्ये गाणी लागली की प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचायचे. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेटवरून येणारी, 'मराठीत कळत नाय, इंग्लिशमध्ये सांगू' म्हणून दरडावणारी आर्ची बघताना मी आणि माझी मैत्रीण वेड्यासारख्या हसत होतो. अशी मुलगी आम्ही मराठी पडद्यावर पाहिली नव्हती. मग दुसरा भाग सुरू होतो. हैदराबादची झोपडपट्टी, उष्टं-खरकटं, कुबट खोली. आणि परश्या संशय घेतो. आपला परश्या, ज्याच्यासाठी आपण तासभर शिट्ट्या मारल्या, तो भर रस्त्यात आर्चीला मारतो.

माझ्या आठवणीत त्या क्षणी थिएटरमध्ये एकही शिट्टी आली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तेच लोक, तेच थिएटर. पण नागराज मंजुळे यांनी त्या थपडेला लवंगीचा आवाज दिलेला नव्हता, आणि ती मारल्यामुळे परश्या मर्द ठरत नव्हता. तो लहान होतो. ज्या पाटलांपासून पळून ते दोघं एवढ्या लांब आले, तेच पाटील त्याच्या हातातून बाहेर येतात. जातीनं खालचा ठरवलेला, मार खाल्लेला, पळालेला मुलगाही बायकोवर हात टाकताना कुणाचा तरी मालक होऊ शकतो, हे त्या एका शॉटमध्ये आहे. आर्ची निघून जाते. चित्रपट तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत जातो, आणि ती परत येते ती तिच्या पायांनी.

आणि शेवट. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. त्यानंतर काय झालं ते आपण पाहत नाही. शेजारणीकडून परत येणारं लहान मूल दार ओलांडून आत जातं, आणि आवाज बंद होतो. अजय-अतुलच्या संगीतानं सबंध चित्रपट दुमदुमलेला असताना त्या क्षणी काहीही वाजत नाही. मूल रडतं, ते ऐकू येत नाही. ते बाहेर चालत जातं आणि त्याची पावलं लाल उमटत जातात. कोयता कसा चालला, कुणी आधी मारलं, तिनं हात कसा पुढे केला, यातलं काहीही दाखवून कुणाला थरार घेऊ दिलेला नाही. थिएटरमधून लोक उठत नव्हते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला त्या शांततेत, इतक्या वर्षांनी, मोरीतला नळ ऐकू आला.

हिंसा दाखवू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या आयुष्यात ती आहे, मग पडद्यावर का नको? पण पडद्यानं आपल्याला इतकी वर्षं सांगितलंय की हिंसा मोठ्यानं वाजते, रक्त काढते, कपडे फाडते. आणि जिथे यातलं काही नसेल तिथे काही घडलंच नसेल, असं आपल्या मनात बसून गेलंय. हे फक्त सिनेमातलं नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना सोडून दिलं, आणि त्या निकालात तिच्या अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, हे एक कारण होतं. खूण नाही, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नाही. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. आणि नेमक्या त्याच दशकात हिंदी पडद्यावर बलात्कार आणि सूड यांचे चित्रपट पाठोपाठ आले. शेवटच्या पंधरा मिनिटांत नायिका बंदूक घेते, म्हणून ते बायकांच्या बाजूचे म्हणवले गेले. पण सूडाचं तिकीट म्हणून आधी तिला मोडताना बघावं लागायचं, आणि ते दृश्य मन लावून चित्रित केलेलं असायचं. खुणा स्पष्ट दिसतील असं.

मलाही सूड आवडतो, हे मी लपवत नाही. मल्याळममधला 'जय जय जय जय हे' बघताना नवऱ्याचा मार खाणारी नायिका गुपचूप तायक्वांदो शिकते आणि एके दिवशी त्याला लाथ घालते, तेव्हा मी घरात एकटी असून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. एवढंच हाती लागलं की त्या चित्रपटानं मला आधी तिच्या बाजूला पुरेसा वेळ बसवलं होतं. मार पडल्यानंतर येणारं हॉटेलातलं जेवण आणि माफी, आणि पुन्हा मार. हे चक्र मी तिच्याबरोबर मोजलं होतं. लाथ ही तिची होती, माझ्या करमणुकीसाठी कुणी मला ती फुकट दिलेली नव्हती. माझं हे समर्थन कितपत टिकेल, मला सांगता येत नाही. मारामारी बघून बरं वाटणं आणि न्याय बघून बरं वाटणं या दोन गोष्टी माझ्या अंगात वेगळ्या करता येत नाहीत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं शरीराच्या मारासोबत शिव्या, अपमान, पैसा अडवून धरणं यांनाही हिंसा म्हटलं. कायद्याला लहान आवाज ऐकू यायला लागला, असं मी त्याचं वर्णन करते. पडद्याला तो ऐकू यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

'थप्पड' हा अनुभव सिन्हांचा चित्रपट २०२० च्या फेब्रुवारीत आला. आईला घेऊन थिएटरात जायचं राहिलं, आणि मग टाळेबंदीच लागली. ती माझ्याकडेच अडकली होती. ओटीटीवर आल्यावर एका दुपारी मी तो लावला. गोष्ट तिला सांगितली नव्हती. सुरुवातीला तिला ते घर आवडलं, सकाळी उठून चहा करणारी सून आवडली. घरात पार्टी चालू आहे, नवरा ऑफिसच्या कुणाशी तरी भांडतोय, बायको त्याला बाजूला ओढायला जाते, आणि सगळ्यांदेखत त्याचा हात तिच्या गालावर पडतो.

आई उठली. "दूध बघून येते," म्हणाली.

मी तिला हाक मारली नाही. स्वयंपाकघरात काही हलल्याचा आवाज आला नाही. पडद्यावर ती बाई घर आवरत होती, कुणाशी बोलत नव्हती, आणि कॅमेरा तिला सोडून कुठेही गेला नव्हता. पाच-सात मिनिटांनी आई येऊन दारात उभी राहिली.

"एकच मारली?" तिनं विचारलं.

"एकच."

"आणि हा सगळा पिक्चर त्याच्यावरच?"

"हो."

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तेव्हा मला कळलं होतं. त्या दुपारी. भिंतीपलीकडून. मी गेले असते तर तिला तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून नाही गेले. आणि शनिवारी ती येऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना."

काकू आता नाहीत. त्या हसल्या होत्या, हे मी आईला कधीच सांगितलेलं नाही; तेव्हाही सांगितलं नाही.

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"मागे घे जरा," ती म्हणाली. "मी मध्येच उठले. मला बघायचंय ते."

मी मागे घेतलं.